पांढरं लागेपर्यंत

या, असे जरा पुढे सरकून बसा. दाराशी घुटमळणाऱ्यांनीही आत यावं. ही गोष्ट आवाज चढवून सांगण्यातली नाही, कानाशी सांगण्यातली आहे. हिच्यात राजा नाही, लढाई नाही. चमत्कार म्हणाल तर एक आहे, पण तोही बोटभर उंचीचा. तीन केळी, एक भाऊ, एक बहीण आणि एक सरत आलेला हिवाळा, एवढ्याच भांडवलावर कथा मांडतो आहे. देवाने ज्याला जसे कान दिले तसं त्याने ऐकावं. शब्द एवढाच देतो, की उठताना कुणी रिकाम्या हाताने उठणार नाही.

तर एका रविवारी सकाळी एका माणसाने केळीच्या बुंध्यावर अंगठा दाबला, आणि अंगठा आत गेला.

आवाज झाला नाही. पिकून उतरलेल्या फळात जावा तसा तो पहिल्या पेरापर्यंत गेला, आणि आतून गार, चहाच्या रंगाचं पाणी निघून मनगटावरून बाहीत शिरलं. त्याने हात मागे घेतला नाही. हात काढला असता तर भोक दिसलं असतं, म्हणून असेल. स्वयंपाकघराच्या दारात बायको दोन कप घेऊन उभी होती आणि ‘झालं का उद्घाटन?’ असं विचारत होती. वरच्या मजल्यावर कुणीतरी सतरंजी झटकत होतं. मागच्या फरशीच्या चौकात, अर्ध्या कापलेल्या तीन निळ्या पिंपांपुढे तो अंगठा रुतवून उभा होता, आणि वास वर येत होता. तो वास त्याच्या ओळखीचा होता, घरच्या माणसासारखा ओळखीचा. इस्पितळात तो प्लास्टर घालायचा आणि प्लास्टर काढायचा. एकतीस वर्षं. डॉक्टर हाड जुळवून निघून जात. मग उरत कोमट पाण्याची बादली, कापसाच्या गुंडाळ्या, प्लास्टरच्या पट्ट्या आणि तो. लहान मुलांनी ठेवलेलं ‘प्लास्टरमामा’ हे नाव नर्सबायांनी उचललं, त्यांच्याकडून डॉक्टरांनी, आणि आता त्याच्या कपाटावरही तेच लिहिलेलं होतं. घालण्यापेक्षा काढण्यात त्याचा खरा हातखंडा. सहा आठवड्यांनी बाहेर येणारा हात बघून माणसं हबकतात. काटकी झालेला, राखाडी, कातडी सोलवटलेली. हा आपला नव्हेच असं त्यांना वाटतं. मिशा असलेले पुरुष रडतात. त्या वेळी बोलायचं त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं: ‘घाबरू नका, हा तुमचाच आहे. जरा उपाशी राहिलाय, एवढंच.’ हे वाक्य त्याने किती हजार वेळा म्हटलं असेल आणि दर वेळी ते खरं निघालं होतं. फक्त काही थोड्यांच्या बाबतीत निघालं नव्हतं. प्लास्टर भिजलं, आणि रागावतील म्हणून ज्यांनी कुणाला सांगितलं नाही, त्यांच्या. त्यांचं प्लास्टर उघडलं की हा वास यायचा.

आणि केळीला त्याने प्लास्टरच घातलं होतं. हसू नका, म्हणजे हसा, सगळी आळी हसली होती, पण त्याचं मनही समजून घ्या. माणसाला जे येतं तेच तो प्रेमाने करतो. सुताराला भीती वाटली तर तो फळ्या ठोकेल. रेडिओवर कडाक्याच्या थंडीची बातमी आली, रात्रीत पाणी गोठेल असं सांगितलं, तेव्हा दुसऱ्या कुणी पेंढा आणला असता, गोणपाट गुंडाळलं असतं. याने मोठ्या नर्सबाईंना विचारून मुदत संपलेला कापूस आणि पट्ट्या घरी आणल्या, आणि तिन्ही केळींना खालून वर, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत, अशा गुंडाळल्या की एखाद्या मंत्र्याच्या पायालाही तसं सुख मिळालं नसतं. वरून प्लास्टरच्या दोन दोन पट्ट्या, तळहाताने गुळगुळीत केलेल्या. बायको म्हणाली, “आता कुबड्याही देऊन टाका त्यांना.” वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर कौतुकाने खाली आले, खिशातून पेन काढून मोठ्या केळीच्या प्लास्टरवर त्यांनी टपोऱ्या अक्षरात लिहिलं, ‘लवकर बऱ्या व्हा’, आणि खाली सही केली. तो चौदा आठवडे रोज सकाळी ते पांढरे तीन खांब बघून समाधानाने कामावर गेला. एकच गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. माणूस प्लास्टर भिजू देत नाही, खाजलं तर ओरडतो, गार लागलं तर सांगतो. केळ काही सांगत नाही. धुकं पडलं, पाऊस पडला, दंव पडून वितळलं. कापूस ते सगळं पीत राहिला आणि आत बुंध्याला धरून बसला. थंडी उतरली म्हणून त्या रविवारी त्याने प्लास्टर उभं चिरून काढलं, तेव्हा कुठे ते कळलं. त्याने चांगलं केलं होतं, आणि त्या चांगल्यानेच नासवलं होतं.

केळी त्याच्या असत्या तर त्याने हात धुतले असते आणि चहा घेतला असता. त्या अक्काच्या होत्या.

अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. हिवाळ्याच्या तोंडाशी ती टेम्पोतून तीन पिंपं घेऊन आली होती. लेकीचं बाळंतपण लांबच्या गावी, चार महिने तरी मुक्काम. टेम्पोवाल्याला दम देत तिने पिंपं चौकात ओळीने लावून घेतली, मोठी, मधली, धाकटी, आणि पदराला हात पुसत म्हणाली, “लहान्या, थंडी सरली की येते. तुझ्या हातात देतेय.” बस्स. ती गेल्यावर तो बराच वेळ फरशीवर उभा राहिला. कारण हे शब्द त्याने आधी एकदा ऐकले होते. अकरा वर्षांपूर्वी, त्याच्याच इस्पितळात, लांबलचक गॅलरीत, जिथे जंतुनाशकाचा वास कायम कमरेइतक्या उंचीवर साचलेला असतो. आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. अक्का म्हणत होती, या वयात कापाकापी नको, अंथरुणावर राहील, मी करीन तिचं. तो म्हणाला होता, ऑपरेशन करू, मी रोज बघतो असली हाडं, तू काळजी करू नकोस. ऑपरेशन झालं. हाड छान बसलं. चौथ्या दिवशी सकाळी आई गेली. तेव्हा अक्का त्याच्याकडे न बघता, भिंतीकडे बघून म्हणाली होती, “तुझ्या हातात दिली होती रे तिला.” भांडण असं कधी झालंच नाही. दोघं एकमेकांकडे जात होते, लेकीच्या लग्नात त्याने पाहुण्यांची सगळी उठबस केली होती, आजारपणात डबे पोचत होते. पण घरात एखादी खुर्ची मोडकी असावी आणि सगळ्यांनी तिला वळसा घालून चालावं, तसा त्या वाक्याला वळसा घालून दोघं अकरा वर्षं चालत होते. आणि आता तिने स्वतः होऊन, तेच शब्द वापरून, आईच्या केळी त्याच्या हातात दिल्या होत्या.

हो, आईच्याच. शेजाऱ्याने उपटून टाकलेली पिल्लं तिने उचलून आणून लावली होती, त्यांच्या लहानपणच्या घरामागे, न्हाणीच्या पाण्यावर. तिथेही थंडी अशीच, फळ कधी धरलं नाही. “कशाला ठेवतेस मग?” असं कुणी विचारलं की आई म्हणायची, “सावलीला काय फळं लागतात?” चार केळी होत्या. त्याला पक्कं आठवत होतं, चार, भिंतीशी गप्पा मारत उभ्या असलेल्या चार बायकांसारख्या, वारा आला की एकमेकींना कोपरखळ्या मारणाऱ्या. आई त्यांच्यात वावरली की तिच्या लुगड्यावर तपकिरी डाग पडत. ते कशानेच जात नसत, आणि ती म्हणायची, देवाने माझी खूण करून ठेवलीय, हरवले तर ओळखायला बरं. आई गेल्यावर केळी अक्काकडे गेल्या. पिंपं तीनच का, चौथीचं काय झालं, हे त्याने विचारलं नव्हतं. न विचारलेल्या गोष्टी अकरा वर्षांत पुष्कळ साठल्या होत्या. त्यातली ही एक.

त्याच संध्याकाळी अक्काचा फोन आला. हे असंच होतं बघा, ज्याला लपवायचं असतं त्याच्याच दाराची कडी वाजते.

“नातू हसायला लागला रे,” अक्का म्हणाली. “तुझ्यासारखाच. आधी विचार करतो, मग हसतो.”

“वा.”

“केळी कशा आहेत?”

“आहेत.”

“पानं?”

“पानं काय, थंडीत जातातच ना.”

“जातात,” अक्का म्हणाली. “मी पुढच्या महिन्यात येते. पाच आठवडे धर.”

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, “आहेत म्हणालात?” तो म्हणाला, “आहेतच की. कुठे गेल्यात?” बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती, समोरच्याला किती दिसतं आणि किती दिसत नाही हे ती नुसत्या तोंडाकडे बघून सांगायची. तिने एकदा त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि ती आत गेली.

मग त्याने पाणी घालायला सुरुवात केली. रोज सकाळी कामावर जाण्याआधी तीन तांबे. असं का, तर काहीतरी करायला हवं होतं. बुंधे खांद्याइतके उंच, काळपट, एका बाजूला कललेले, आणि तो त्यांच्या पायाशी पाणी ओतून घाईघाईने निघून जाई. आजाऱ्याच्या उशाशी फळं ठेवून पळणाऱ्या पाहुण्यासारखा. दिवसभर प्लास्टरच्या खोलीत त्याचे हात काम करत आणि मन चौकात असे. करवतीचं ते गोल पातं फिरत नाही, नुसतं थरथरतं, म्हणून कातडीला इजा होत नाही, हे तो प्रत्येकाला आपल्या तळव्यावर टेकवून दाखवायचा. आता ते टेकवताना त्याला वाटे, हे सगळं माणसांपुरतंच ठीक आहे. जिथे आतून कुणी ओरडायला आहे तिथेच आपला हात शहाणा. आईही ओरडली नव्हती. चौथ्या दिवशी सकाळी त्याने विचारलं होतं, दुखतंय का? ती म्हणाली होती, नाही रे. मग तो गेला होता, ड्यूटी सुरू व्हायची होती.

दुसऱ्या आठवड्यात मनगटवाल्या आजी आल्या.

त्यांचं प्लास्टर त्यानेच घातलं होतं, डावं मनगट, सहा आठवड्यांपूर्वी. ठेंगण्या, उन्हाने रापलेल्या, नखांच्या कडांशी कायमची माती. सार्वजनिक बागेच्या काचघरात त्यांनी चाळीस वर्षं झाडं सांभाळली होती, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, आणि पडल्या कशा तर निवृत्तीनंतर, शिडीवर चढून, दुसऱ्याच्या कुंड्यांना पाणी घालताना. आज करवत चालू असताना त्या हाताकडे न बघता त्याच्याकडे बघत होत्या. प्लास्टर दुभंगलं, कापूस सुटला, हात बाहेर आला. तो ठरलेलं वाक्य म्हणायला गेला आणि त्याला ते म्हणता आलं नाही.

“काय रे बाळा,” आजी म्हणाल्या, “हात माझा आणि तोंड तुझं का उतरलं?”

आणि त्याने सांगितलं. बायकोला धड सांगितलं नव्हतं, ते त्या परक्या बाईला, तिचा वाळका हात कोमट पाण्याने पुसत पुसत, कापूस, पट्ट्या, प्लास्टर, अंगठा, सगळं. बाहेर बाकावर लोक खोळंबले होते. आजी हसल्या नाहीत. त्यांनी वैद्याने विचारावं तसं विचारलं, वास कुठपर्यंत, बुंधा खाली घट्ट आहे का, मुळाशी हलतो का.

“पाणी घालतोस?”

“रोज.”

“बंद कर. माणसं घाबरली की पाणी घालतात. त्याने झाडाचं काही होत नाही, माणसाला बरं वाटतं.” मग त्यांनी उजव्या हाताने डाव्या हाताच्या कोपरावर, मग खाली, मग मनगटावर अशी बोट फिरवत सुरी चालवून दाखवली. “वरून कापायला लाग. चार चार बोटांची चकती. तपकिरी दिसलं, अजून काप. कडेला पांढरं आणि मध्ये तपकिरी, अजून काप. मध्यावर पांढरं लागेपर्यंत काप. तिथे उद्याचं पान गुंडाळून बसलेलं असतं.”

“आणि लागलं नाही तर?”

“तर नाही,” आजी म्हणाल्या. “पण पांढरं लागलं की थांब हं. पुष्कळ जण कापायला घाबरतात, आणि काही जण एकदा सुरू केलं की थांबत नाहीत.” निघताना त्या दाराशी वळल्या. “पंधरा दिवसांनी दाखवायला बोलावलंय ना मला? तेव्हा सांग काय झालं ते.”

शनिवारी अर्धा दिवस होता. दुपारचं ऊन चौकात फरशीभर पसरलं होतं, हिवाळ्यानंतरचं पहिलं असं ऊन, ज्यात बसलं की पाठीला कुणीतरी हात लावल्यासारखं वाटतं. बायकोने भाजीची सुरी दिली नाही. “त्या सुरीने पुन्हा कांदा चिरायचा नाही मला,” म्हणाली, आणि माळ्यावरून जुना कोयता काढून दिला. त्याने तो दगडावर घासला. मोठीपुढे उभा राहिला. एकतीस वर्षं तो बांधून ठेवत आला होता, हलू नका, तसंच राहू द्या, वेळ जाऊ द्या. कापणं हे डॉक्टरांचं काम. हात वर गेला आणि तिथेच राहिला. गॅलरीतला वास आला. कापू या, म्हणणारा एकदा तोच होता, आणि तेव्हा त्याला इतकी खात्री होती. आज अजिबात नव्हती. मग त्याला वाटलं, खात्री नसलेल्या हातानेच कापलेलं बरं. तो हात निदान बघत बघत कापील. मनात त्याने देवाचं नाव घेतलं, मोठ्याने घेतलं असतं तर बायकोला काळजी वाटली असती, आणि कोयता घातला.

पहिली चकती भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी पडली. दुसरी. तिसरीतून पाणी आलं. छातीइतक्या उंचीवर सगळं तपकिरी, कमरेवर तपकिरी. मांडीपाशी कडेला फिकट कडं दिसलं, जसं चंद्राला खळं पडतं तसं, पण मध्ये काळा डोळा. अजून काप. बुंधा आता घट्ट लागत होता, कोयत्याला धरत होता, चीक उडत होता, बाहीवर, छातीवर, हनुवटीवर. गुडघ्याशी आल्यावर त्याने चकती उचलली आणि बघितली नाही, बाजूला ठेवली. मग बुंध्यात बघितलं. पांढरं होतं. दुधासारखं नव्हे, हाडासारखं. त्याला माहीत असलेलं पांढरं. आणि बरोबर मध्यावर, घट्ट गुंडाळलेली, फिकट पिवळसर, करंगळीएवढी एक वळकटी. तो फरशीवर बसला. बायको आतून म्हणाली, “काय झालं? बोट गेलं का?”

मधली घोट्यापर्यंत खाली न्यावी लागली. तिथे बटणाएवढं पांढरं होतं. धाकटी मातीपर्यंत गेली. मातीच्याही खाली त्याने हाताने उकरून पाहिलं. मऊ होतं. तिथे तो थांबला.

हात धुऊन, चहा घेऊन तासाभराने तो परत चौकात आला, तर मोठीच्या सपाट कापावरून मध्यावरची वळकटी वर आली होती. त्याला वाटलं ऊन डोळ्यांवर आलं. त्याने काडेपेटीतली काडी शेजारी टोचली. पोस्टमास्तर गॅलरीतून म्हणाले, “काय मोजताय?” तो म्हणाला, “थांबा.” अंधार पडायच्या आत वळकटी काडीच्या डोक्याला आली. बोटभर. मघाशी चमत्कार म्हणालो तो हाच. कुणी वाजवलं नाही, कुणी ओवाळलं नाही. एक माणूस पाटावर बसून बघत होता आणि त्याच्या शर्टाला डाग पडले होते. बायकोने तो शर्ट साबणाने, मिठाने, लिंबाने घासला. डाग उलट गडद झाले. “हा आता घरातच घालायचा,” ती म्हणाली.

पंधरा दिवसांनी त्याने सकाळपासून दाराकडे लक्ष ठेवलं. मनगटवाल्या आजी आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. हात बरा झाला असेल, म्हणून आल्या नसतील; बरे झालेले पुष्कळ जण येत नाहीत. त्याला सांगायचं होतं, की नवीन पान बाहेर आलं तेव्हा त्याचा शेंडा सरळ रेषेत छाटलेला होता, कात्रीने कापावा तसा, कारण कोयता गेला तेव्हा ते आत गुंडाळलेलंच होतं. दुसरं पान अर्धं छाटलेलं आलं. तिसरं अख्खं आलं. हे ज्याला सांगावं असं दुसरं कुणी त्याच्या ओळखीचं नव्हतं.

धाकटीचं पिंप रिकामंच राहिलं. अक्का यायच्या आदल्या आठवड्यात बायको हळूच म्हणाली, “अहो, रोपवाटिकेतून एक आणून लावू या का त्यात? केळीसारखी केळ. वन्संना काय कळतंय?” तो रोपवाटिकेत गेलाही. ओळीने केळी होत्या, हिरव्यागार, कशातूनच न गेलेल्या. त्याने एकीच्या बुंध्यावर अंगठा दाबला. घट्ट होता. एवढा घट्ट, की त्याला एकदम परका वाटला. ‘आहेत’ असं एकदा म्हणून झालं होतं, तेवढं पुरे होतं. तो हात हलवत परत आला आणि बायकोला म्हणाला, “राहू दे.” ती म्हणाली, “मलाही तसंच वाटत होतं.” “मग मला पाठवलंस कशाला?” “तुम्हाला वाटतं का ते बघायला.”

अक्का सांगितल्या दिवसाच्या एक दिवस आधी आली, थेट स्टेशनवरून, हातात पिशवी, पायात प्रवासाची धूळ. दार त्याने उघडलं. घरात घालायचा शर्ट अंगात होता. अक्का काहीतरी बोलायला गेली, आणि तिची नजर त्याच्या बाहीवर थांबली. तिने पिशवी खाली ठेवली. बाहीचं टोक दोन बोटांत धरलं, डागावरून अंगठा फिरवला. असं तिने त्याला शेवटचं कधी धरलं होतं, ते त्याला आठवेना. शाळेत असताना असेल.

“कापल्यास?” ती म्हणाली.

“कापल्या.”

“किती राहिल्या?”

“दोन.”

अक्का त्याच्या अंगावरून पुढे, स्वयंपाकघरातून, बायकोच्या पाठीवर जाता जाता हात ठेवून, मागच्या चौकात गेली. तो तिच्या मागे दोन पावलं अंतर ठेवून. मोठी आता तिच्या खांद्याला लागत होती. मधलीने एक पान वर काढून उघडू की नको असं धरलं होतं. अक्काने त्या छाटल्या शेंड्याच्या पानाला बोट लावलं. मग ती तिसऱ्या पिंपापाशी वाकली, मनगटापर्यंत हात मातीत घातला, मूठ बाहेर काढून हुंगली.

“ही गेली.”

“माझ्या हातून गेली,” तो म्हणाला. मागे कुणीतरी दुसराच बोलल्यासारखा आवाज आला.

“हं, गेली,” अक्का म्हणाली. माती झटकत ती पिंपाच्या कडेवर टेकली. गुडघे दाबले. “चौथी माझ्या हातून गेली होती. तूच विचारशील म्हणून वाट बघत होते. आणली त्याच वर्षी. आईची म्हणून पाणी घालून घालून मारली मी तिला. रोज दोनदा. कुणाला सांगणार? तुला सांगायची सोय मीच ठेवली नव्हती.”

सतरंजी झटकण्याचा आवाज वरून येत होता.

“तेव्हा इस्पितळात बोलले ना मी तुला. बोलले आणि जीभ चावली रे. वळून बघते तर तू बादली घेऊन आत गेला होतास.”

“एका मुलीचा पाय मोडला होता,” तो म्हणाला. “खोळंबली होती ती.” आणि हे खरं होतं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याला हेही दिसलं, की ती मुलगी आणखी पाच मिनिटं थांबली असती.

“म्हणून तर या तुझ्याकडे आणल्या,” अक्का म्हणाली. “जगतील म्हणून नव्हे. तुझ्या हातात काहीतरी द्यायचं राहिलं होतं.” मग तिची मान वळली. भिंतीला टेकवून ठेवलेलं, उभं चिरलेलं, पोकळ, पांढरं काहीतरी होतं. “हे काय आहे?”

दारातून बायको म्हणाली, “केळीचं प्लास्टर, वन्सं.”

“कशाचं?”

“केळीचं. पूर्ण घातलं होतं. खालून वर.”

अक्काने ते उचललं, उन्हात फिरवलं, आणि पोस्टमास्तरांचं अक्षर वाचलं. ‘लवकर बऱ्या व्हा.’ खाली सही. आधी तिचे खांदे हलले. मग ती अशी हसली की तिला पिंपाची कड धरावी लागली. पदर तोंडाला लावला तरी आवरेना. “अरे मेल्या लहान्या,” ती म्हणाली, “क्ष-किरण तरी काढले होतेस का?” आणि तो, आधी विचार करून, हसला. वरून पोस्टमास्तर विचारत होते, “बऱ्या आहेत ना पण?” अक्काच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते मातीच्या हाताने पुसत होती, त्यामुळे तिच्या गालावर आईच्या लुगड्यावरच्या डागांसारखा एक तपकिरी पट्टा उमटला.

संध्याकाळी परतायच्या आधी तिने विचारलं, “कापायचं तुला सुचलं कसं पण?”

“एक आजी होत्या. मनगटवाल्या.”

“नाव काय त्यांचं?”

नाव कागदावर होतं. त्याने ते दोनदा हातात धरलं होतं. पण कागदावर तो नेहमी दोनच गोष्टी वाचायचा, हाड कुठलं आणि बाजू कुठली. “डावं मनगट,” तो म्हणाला, आणि त्याला लाज वाटली.

मोठी आणि मधली पुढच्या रविवारी अक्काकडे गेल्या. धाकटीचं पिंप त्याच्याकडे राहिलं. मोठीला पिल्लू फुटलं की पहिलं तुझं, असं अक्काने सांगून ठेवलं आहे, आणि तो वाट बघतो आहे. पाणी न घालता.

गोष्ट एवढीच. ज्याच्या त्याच्या चौकात एखादं पिंप रिकामं असतं, एखादं भरलेलं; त्यावर मी काय बोलणार, देव समर्थ आहे. माझं मागणं निराळं आहे. उठण्याआधी क्षणभर त्या आजींची आठवण करा, काचघरात चाळीस वर्षं दुसऱ्यांची झाडं सांभाळून नाव न सांगता निघून गेलेल्या. नाव आमच्याकडेही नाही. डावं मनगट एवढं म्हणा, पोचेल. आणि कधी कुठे भेटल्याच, तर त्यांना सांगा, पांढरं लागलं होतं, आणि तो थांबला होता.